पटावरून उठल्यावर: बुद्धिबळपटूंशी झालेल्या गप्पा

अडीचघरं

मंडळी, शनिवार-रविवारच्या रेटिंग स्पर्धांना मी पंच म्हणून उभा असतो. (मानधनाचं विचारू नका, चहा बरा असतो.) राउंड संपून पुढचं पेअरिंग (कोण कुणाशी खेळणार ती यादी) लागेपर्यंत मधे बराच वेळ जातो. तेवढ्यात हॉलबाहेरच्या पायऱ्यांवर जे बोलणं होतं, ते मला डावांपेक्षा जास्त लक्षात राहतं. इथे कुणी खेळाडू असतील, खेळाडूंचे आईबाप असतील, त्यांनी भर घालावी म्हणून हा धागा.

खेळाडूला "तुझा सगळ्यात भारी डाव कुठला?" असं कधी विचारू नका. तो मोबाइल काढतो, बाराव्या चालीतली नवी कल्पना दाखवायला लागतो आणि आपण नुसते मान हलवत बसतो. "त्या स्पर्धेला गेलास कसा?" असं विचारा. मग गाडी रुळावर येते. रजा कुणी टाकली, तिकीट वेटिंगवर होतं का, उतरलात कुणाकडे, एंट्री फी कुठून आली.

एक गृहस्थ आहेत, चाळिशी ओलांडलेली, बँकेत नोकरी, एके काळी रेटिंग (खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा) 2400 च्या वर गेलेलं. ग्रँडमास्टर व्हायला तीन नॉर्म आणि 2500 रेटिंग लागतं. नॉर्म म्हणजे साधारण नऊ डावांच्या स्पर्धेत 2600 च्या तोडीची कामगिरी, समोरच्यांत किमान तीन ग्रँडमास्टर, आणि खेळाडू वेगवेगळ्या देशांचे. यांचा एक नॉर्म झालाय. दुसरा युरोपात अर्ध्या गुणाने हुकला. मला वाटलं, आता तो शेवटचा डाव सांगतील. ते म्हणाले, "डावाचं काही नाही हो. हात चालत होता. चार दिवसांनी शेजारच्याच शहरात दुसरी स्पर्धा होती, तिथे झाला असता. पण परतीचं तिकीट स्वस्तातलं, बदलून मिळणारं नव्हतं. आणि सोमवारी ब्रँचला हजर व्हायचं होतं."

हे त्यांनी कुरकुरत सांगितलं नाही. समोसा खात सांगितलं. पुढच्या राउंडला काळी मोहरी होती, त्याचीच जास्त चिंता दिसली.

प्रवीण ठिपसे 1997 मध्ये ग्रँडमास्टर झाले, ते भारताचे तिसरे. आनंद, दिब्येंदु बरुआ, मग ठिपसे. 2025 च्या जुलैत दिव्या देशमुख झाली, ती 88 वी. आकडा बघून वाटतं की आपण काय झेप घेतली, आणि घेतलीच आहे. पण ज्या काळात तीनच होते, त्या काळात नॉर्मजोगी स्पर्धा गाठायला बहुतेक वेळा परदेशीच जावं लागायचं. तेव्हाच्या पिढीतल्या कुणाशीही बोला, परकीय चलन हा शब्द ओपनिंगच्या (डावाच्या पहिल्या चालींच्या) आधी येतो. त्या पिढीतले जे ग्रँडमास्टर झाले नाहीत ते सगळेच खेळात कमी होते असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

दुसऱ्या एक बाई. विद्यापीठाकडून खेळलेल्या, राज्य गाजवलेलं. लग्नानंतर सासरच्या गावात क्लबच नव्हता. फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या) यादीत त्यांचं नाव अजून आहे, शेजारी 'इनॅक्टिव्ह' अशी खूण. घरी बारा-पंधरा पोरांची शिकवणी घेतात. म्हणाल्या, "पोरं माझं रेटिंग शोधून काढतात आणि विचारतात, टीचर तुम्ही 2000 च्या वर होतात? मग थांबलात का? आठ वर्षांच्या पोराला काय सांगायचं!"

आणि तिसरे आमचे काका. निवृत्त, दर स्पर्धेला हजर, डबा घरचा. काकांचं रेटिंग 1850. परवा समोर दहा वर्षांचा पोरगा, 1450. पाय जमिनीला टेकत नव्हते, पण हत्तींच्या एंडगेममध्ये काकांना सरळ मारलं. काकांचे 18 गुण गेले, पोराचे जवळपास 37 वाढले, कारण लहान मुलांचा के फॅक्टर (एका निकालाने रेटिंग किती हलतं ते ठरवणारा आकडा) 40 आणि काकांचा 20. काका उठले, पोराशी हात मिळवला आणि मला म्हणाले, "ही असली 1450 वाली पोरं 1450 ची नसतात हो. कागद मागे राहतो, पोरगं पुढे गेलेलं असतं." मग डबा उघडला.

तुम्ही भेटलेल्या खेळाडूंचं लिहा. प्रसिद्ध असायची अट नाही.

कृष्णाकाठ

वाखु (वाचनखूण) साठवली. सांगलीचं नाव कुणी घेण्याआधी मीच घेतो. 😊

आमच्याकडे नूतन बुद्धिबळ मंडळ 1941 पासून आहे. भाऊसाहेब पडसलगीकरांनी उभं केलं आणि आयुष्यभर चालवलं. स्पर्धेला येणाऱ्या बाहेरगावच्या खेळाडूंची राहायची सोय काय, हा प्रश्न आमच्या गावात शंकांच्या यादीत कधी नव्हताच, कुणाच्या तरी घरी गादी पडायची. भाग्यश्री साठे (पुढे ठिपसे) आणि स्वाती घाटे दोघीही सांगलीच्या. भाग्यश्रीताई पाच वेळा राष्ट्रीय विजेत्या, 1987 ला पद्मश्री. लहान गावातून अशा मुली निघतात त्याला कारण प्रतिभा असेलच, पण मुलीला संध्याकाळी सातनंतर मंडळात बसू द्यायला घरच्यांची हरकत नव्हती, कारण मंडळात कोण बसतं ते सगळ्यांना माहीत होतं. माझ्या आत्याने हे मला सांगितलंय. तीही खेळायची. तिचं नाव कुठल्याच यादीत नाही.

रिकामा_उंट

घाम येत नाही तो खेळ कसला? पंख्याखाली बसून लाकडं सरकवायची. क्रिकेटपटूंशी गप्पा असा धागा काढा.

अडीचघरं

रिकामा_उंट, येत्या रविवारी या. पाच राउंड, एका दिवसात. संध्याकाळी घामाचं बोलू.

मीनल_ग

गिरगावातलं बालपण असल्यामुळे खाडिलकर भगिनींबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. 'नवाकाळ'चं घर. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या पणत्या. वासंती, जयश्री, रोहिणी. 1974 मध्ये महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली ती वासंतींनी जिंकली, आणि पुढे बरीच वर्षं विजेतेपद या बहिणींच्याच हातात होतं. रोहिणी 13 व्या वर्षी राष्ट्रीय विजेत्या झाल्या.

पण मला जास्त भावतं ते 1976 चं प्रकरण. रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या. त्यावरून इतकी खळबळ झाली की त्यांच्या वडिलांना न्यायालयात जावं लागलं. शेवटी फिडेचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांनी निर्णय दिला की राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून बायकांना अडवता येणार नाही. यूवे म्हणजे अलेखाइनला हरवून जगज्जेता झालेला माणूस. गिरगावातल्या एका शाळकरी मुलीचा प्रश्न तिथवर गेला. 1981 मध्ये त्याच रोहिणी पहिल्या आशियाई महिला विजेत्या झाल्या.

आणि पुढे? जयश्री 'नवाकाळ'च्या संपादक झाल्या, रोहिणी 'संध्याकाळ'च्या. अडीचघरं यांनी लिहिलेल्या बाईंना परत यायला वाटच नव्हती. इथे घरात छापखाना होता, म्हणून पटावरून उठल्यावर दुसरी खुर्ची तयार होती. कौतुक करताना हा फरक विसरू नये असं मला वाटतं.

चिकूची_आई

धागा अगदी वेळेवर आला. मुलगा सातवीत, रेटिंग 1600 च्या जरा वर. कोच म्हणतात, आता शाळा 'मॅनेज' करा, महिन्यातून दोन स्पर्धा हव्यातच. शाळा म्हणते हजेरी 75 टक्के. नवरा म्हणतो दहावीपर्यंत खेळू दे. सासरे म्हणतात खेळून पोट भरतं का. मी रात्री बसून गुकेशच्या मुलाखती बघते. काय करू, कुणी सांगेल का?

उंटतिरका

@चिकूची_आई ताई, मी खेळलोय, आता पूर्णवेळ शिकवतो, त्यामुळे थोडं कडू लिहितो, राग मानू नका.

गुकेशचे वडील कान-नाक-घशाचे सर्जन. मुलाबरोबर फिरता यावं म्हणून त्यांनी प्रॅक्टिस थांबवली, हे सगळे सांगतात. आई मायक्रोबायॉलॉजिस्ट, त्यांची नोकरी चालू होती, हे सांगताना लोक आवाज खाली आणतात. नाशिकच्या विदित गुजराथीचे आईवडील डॉक्टर. नागपूरच्या दिव्याचे आईवडील डॉक्टर. ग्रँडमास्टर कोनेरू हंपीच्या वडिलांनी नोकरी सोडून तिला शिकवलं. यात मुलांचं श्रेय कणभर कमी होत नाही. पण "वडिलांनी सगळं सोडलं" ही गोष्ट ऐकताना पहिला प्रश्न हा विचारायचा की मग घर कोण चालवत होतं. माझ्याकडे एक वडील आले होते, एकट्याचा पगार, पीएफ काढून मुलाला युरोपला न्यायचं म्हणत होते. मुलगा 1900. मी हात जोडले.

पंचवीस वर्षांपूर्वी याचं उत्तर सोपं होतं: नोकरी. रेल्वे, एलआयसी, बँका, पेट्रोलियम कंपन्या, एअर इंडिया. खेळाडू कोट्यातून लागलात की स्पर्धेला रजा आणि महिन्याला पगार. अमरावतीचा स्वप्नील धोपाडे रेल्वेचाच. हंपी, हरिका ओएनजीसीत. आमच्या वेळी जीएम नॉर्मइतकीच चर्चा "तुझं लागलं का?" याची असायची. आता ग्रँडमास्टरच ऐंशीच्या वर, जागा त्या प्रमाणात वाढलेल्या नाहीत. 2300 वाल्याला तर कुणी दारात उभं करत नाही.

तुमचा मुलगा सातवीत 1600 म्हणजे चांगला आहे, पण असाधारण म्हणायला अजून वेळ आहे. खेळातून नाव काढून घेऊ नका, शाळाही सोडू नका. महिन्याला एक स्पर्धा, आणि हरलेल्या डावांची वही. मोबाइलवर इंजिन लावून "इथे चुकलो" म्हणतात ती वही नाही. स्वतःच्या हाताने, तेव्हा काय वाटलं होतं ते लिहायचं.

न्यूजर्सीकर

उंटतिरका यांना बाडीस (बाय डीफॉल्ट सहमत), फक्त एक दार त्यांनी लिहिलं नाही. मी 2100 चा खेळाडू, भारतात मला कुत्रं विचारत नव्हतं. इथे अमेरिकेत सॉफ्टवेअरची नोकरी, आणि शनिवारी मराठी शाळेच्याच इमारतीत बुद्धिबळाचा वर्ग. मुलं निम्मी मराठी, निम्मी तेलुगू. आईबाप एडिसनच्या डोशाच्या रांगेत मला 'कोच' म्हणून हाक मारतात.

खरा मुद्दा शिष्यवृत्तीचा. टेक्सास आणि सेंट लुईसकडची काही विद्यापीठं बुद्धिबळावर शिष्यवृत्ती देतात. त्यांच्या संघांत भारतीय नावं भरपूर. त्यातल्या एका मुलाशी बोललो होतो. म्हणाला, "दादा, मी इथे ग्रँडमास्टर व्हायला आलो नाही. ग्रँडमास्टर व्हायच्या नादात जी वर्षं गेली त्याचं काहीतरी करून घ्यायला आलोय." डेटा सायन्स शिकत होता. आता खेळतो तो मजेत खेळतो, आणि त्याच वर्षी त्याचं रेटिंग वाढलं.

मीनल_ग

ते शेवटचं वाक्य वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं.

गोंयकार

आमच्या लियॉन मेंडोन्साचं कुणीच कसं लिहिलं नाही? मार्च 2020 मध्ये तो वडिलांबरोबर हंगेरीत स्पर्धा खेळायला गेलेला, तेवढ्यात सगळं बंद. दोघं तिथेच अडकले. बापलेकांनी ठरवलं, अडकलोच आहोत तर खेळू. जिथे स्पर्धा सुरू होती तिथे जायचं, सलग. वर्ष संपताना इटलीत तिसरा नॉर्म, 14 व्या वर्षी ग्रँडमास्टर. अडीचघरं यांच्या बँकवाल्या गृहस्थांना जे मिळालं नाही नेमकं तेच याला मिळालं: परतीचं तिकीट नव्हतं!

आमची भक्ती कुलकर्णी 2022 ला चेन्नई ऑलिंपियाडमध्ये (देशांच्या संघांची बुद्धिबळ स्पर्धा) ब्राँझ जिंकलेल्या संघात होती. त्या संघात हरिका नवव्या महिन्यात खेळत होती. कप्तान पुण्याचे अभिजित कुंटे. 2025 चा वर्ल्ड कप गोव्यातच झाला. माझा भाचा सह्या गोळा करत फिरत होता. एका परदेशी खेळाडूला त्याने विचारलं, "गोव्यात काय बघितलं?" तो म्हणाला, "हॉटेलची खोली आणि पट. हरलो की समुद्र बघेन."

अडीचघरं

गोंयकार, तिकिटाचं अगदी नेमकं पकडलंत. 😊 त्या गृहस्थांना वाचून दाखवतो.

कुंट्यांचं नाव निघालं म्हणून. भारताच्या पहिल्या चार-पाच ग्रँडमास्टरांतले ते, 2000 साली झाले. आणि 2024 ला बुडापेस्ट ऑलिंपियाडला मुलींनी सुवर्ण जिंकलं तेव्हाही कप्तान तेच. हरिका, वैशाली, दिव्या, वंतिका, तानिया. बुद्धिबळात कप्तान स्वतः एकही चाल खेळत नाही. आज कोण बसणार ते ठरवायचं, डाव चालू असताना चेहरा कोरा ठेवून उभं राहायचं, आणि हरलेल्या खेळाडूला रात्री जेवायला घेऊन जायचं. मी लहान स्पर्धांत संघांचे कप्तान बघतो, त्यातले निम्मे लोक चेहऱ्यावरूनच डाव सांगून टाकतात.

हत्तीण_सरळ

इतके दिवस वाचनमात्र होते, आज लिहिते. मी अजून खेळते, 2000 च्या खाली-वर.

दिव्याने 2024 च्या सुरुवातीला, नेदरलँड्समधल्या विक आन झे स्पर्धेनंतर इन्स्टाग्रामवर लिहिलं होतं की प्रेक्षक तिच्या डावांवर बोलत नाहीत, केस, कपडे, उच्चार यांवर बोलतात. तेव्हा ती 18 वर्षांची होती. दीड वर्षाने बातुमीला तिने महिलांचा वर्ल्ड कप जिंकला, हंपीला टायब्रेकमध्ये हरवून, आणि एकही जीएम नॉर्म नसताना थेट ग्रँडमास्टर झाली. जिंकल्यावर आईच्या गळ्यात पडून रडली तो व्हिडिओ सगळ्यांनी फिरवला. ती पोस्ट किती जणांनी फिरवली होती?

माझं छोटं उदाहरण. एका स्पर्धेत मी जिंकले. समोरच्या गृहस्थांनी स्कोअरशीटवर सही केली, पेन खिशात ठेवलं आणि म्हणाले, "आज झोप नीट झाली नव्हती." मी पुढच्या वर्षी त्यांना परत हरवलं. तेव्हा म्हणाले, हॉलमधला एसी फार होता. तिसऱ्यांदा पेअरिंग लागायची वाट बघते आहे. कारणांची यादी संपत आली असेल.

सांगायचं असं, की आम्हाला गप्पांत पहिला प्रश्न "घरचे पाठिंबा देतात का?" असा येतो. मुलग्यांना कुणी विचारत नाही. आम्हाला ओपनिंगबद्दल विचारा ना. मी कारो-कान खेळते, तासभर बोलेन.

अडीचघरं

हत्तीण_सरळ, तुमचा आक्षेप मान्य, आणि तो माझ्या लेखातल्या पद्धतीलाही लागू पडतो. तरी मी थोडा अडून राहणार. "कसा गेलास" हे मी पुरुषांनाही विचारतो, आणि पुरुष त्याचं उत्तर देताना जास्त अवघडतात. विदितचंच बघा. 2023 ला आइल ऑफ मॅनला ग्रँड स्विसमध्ये पहिलाच राउंड हरला आणि शेवटी 11 पैकी साडेआठ करून स्पर्धा जिंकली, कँडिडेट्सला (जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेला) गेला. मला त्या पहिल्या रात्रीबद्दल ऐकायला आवडेल, जेवला काय, फोन कुणाला केला. त्या डावाचं विश्लेषण नेटवर शंभर ठिकाणी सापडतं. कारो-कानवर वेगळा धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा.

रिकामा_उंट

रविवारी गेलो होतो. पाच राउंड, दीड गुण. त्यातला एक गुण समोरचा आलाच नाही म्हणून. दुसऱ्या राउंडला एका काकांनी मला किल्लेकोट करूच दिला नाही. मान धरलीये. शर्ट ओला होता, हे इथे लिहायचं नव्हतं, पण बायको धागा वाचते.

चिकूची_आई

@रिकामा_उंट, डबा आणलेले काका का? मग चिकूही त्यांच्याशीच खेळला, चौथ्या राउंडला! बरोबरी झाली. काकांनी नंतर त्याला बाहेर बाकावर बसवून अख्खा डाव परत लावून दाखवला, आणि अर्धी पोळी दिली.

@उंटतिरका, वही सुरू केली आहे. पहिल्या पानावर त्याने लिहिलंय, "19 वी चाल: घोडा घेतला कारण भूक लागली होती." हे चालतं का?

उंटतिरका

चालतं. खोडू देऊ नका. माझ्याकडची मोठी मुलं "कॅल्क्युलेशन चुकलं" असं लिहितात, त्यातून मला काहीही कळत नाही. पुढच्या स्पर्धेला तिसऱ्या राउंडनंतर केळं द्या, आणि तो पुन्हा तशीच घाई करतो का ते बघून इथे कळवा.